गूढविद्येची जुनी मासिके : वाचकांचे प्रश्न

परलोकविद्या (मृतात्म्यांशी संपर्काची विद्या), थिऑसॉफी (ब्रह्मविद्या), संमोहन, पाश्चात्त्य ज्योतिष अशा विषयांची साधारण १९०० ते १९३० या काळातली नियतकालिके जमवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न जोडून घेतले असून लांबलचक पत्रांतला मुद्दा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मला या विषयाची जुनी मासिके जमवायची आहेत. नावे शेकडो दिसतात. सुरुवात कुठून करावी?

एकच नाव धरा, नाहीतर एकच काळ धरा. ‘मिळेल ते घ्यायचे’ या बेताने सुरुवात केली की दोन वर्षांत कपाट भरते आणि त्यात सलग असे काहीच नसते.

इंग्रजी वाचता येत असेल तर लंडनचे ‘ऑकल्ट रिव्ह्यू’ हे मासिक नवशिक्याला सोयीचे. जानेवारी १९०५ मध्ये ते सुरू झाले, प्रकाशक विल्यम रायडर अँड सन, संपादक राल्फ शर्ली. खंडांची मोजणी सरळ आहे. वर्षाला दोन खंड, जानेवारी ते जून एक आणि जुलै ते डिसेंबर दुसरा. त्यामुळे नुसत्या खंड क्रमांकावरून वर्ष काढता येते : खंड १ म्हणजे १९०५ चा पूर्वार्ध, खंड ४१ म्हणजे १९२५ चा पूर्वार्ध. याच मासिकात इतर नियतकालिकांचा आढावा घेणारे सदर असे आणि ते बरीच वर्षे गूढविद्येचे लेखक ए. ई. वेट लिहीत. कोणत्या महिन्यात कुठले मासिक निघत होते, कोणते नुकतेच सुरू झाले, कोणाचा अंक उशिरा आला, हे तिथे कळते. संग्राहकाला याहून चांगली यादी शोधूनही मिळणार नाही, आणि तीही त्या काळातच लिहिलेली.

विषय धरून जमवायचे असेल तर तो अरुंद ठेवा. ‘पहिल्या महायुद्धाच्या काळातली परलोकविद्या’ हा चांगला विषय. भौतिकशास्त्रज्ञ सर ऑलिव्हर लॉज यांनी युद्धात मारल्या गेलेल्या मुलाविषयीचे पुस्तक १९१६ मध्ये काढले, आर्थर कॉनन डॉयल यांनीही त्याच सुमारास परलोकविद्येची उघड बाजू घेतली आणि ‘लाइट’, ‘टू वर्ल्ड्‌स’ यांसारख्या साप्ताहिकांत हाच विषय दाटला. ‘आत्म्यांची छायाचित्रे’ हाही तसाच पकडीत राहणारा विषय. मात्र त्यासाठी गूढविद्येच्या बाहेरची मासिकेही पाहावी लागतात. इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावातल्या दोन मुलींनी काढलेली ‘पऱ्यांची’ छायाचित्रे आली ती ‘स्ट्रँड’ या लोकप्रिय मासिकाच्या १९२० च्या नाताळ अंकात. मृतात्म्यांशी संपर्काचा पुरावा देणाऱ्याला बक्षीस जाहीर केले ते ‘सायंटिफिक अमेरिकन’ने, १९२२ मध्ये. असे अंक विकणाऱ्याच्या यादीत ‘गूढविद्या’ या शीर्षकाखाली बहुधा नसतातच, म्हणून ते स्वस्तात सुटतात.

प्रश्न : बांधीव खंड घ्यावेत की सुटे अंक? खंड नीटनेटके दिसतात, सुटे अंक फाटके असतात, आणि तरी सुट्यांची किंमत जास्त सांगतात. असे का?

किंमत जास्त सांगणारा बरोबर सांगतो. बांधीव खंड पूर्ण दिसतो, पण त्यातला एकेक अंक बहुतेक वेळा अपुरा असतो.

त्या काळी वर्षअखेरीस वर्गणीदार बारा (किंवा सहा) अंक बाइंडरकडे देत. बाइंडर प्रत्येक अंकाचे रंगीत कागदी मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि पुढची-मागची जाहिरातींची पाने काढून टाकी. उरलेले मजकुराचे फर्मे (एकेका छापील कागदाला घड्या घालून झालेले पानांचे गठ्ठे) शिवून, कडा रंधून, पुठ्ठ्यात घालून देई. प्रकाशकांनाही हेच अपेक्षित होते. म्हणून मजकुराचे पृष्ठांक पहिल्या अंकापासून शेवटच्यापर्यंत सलग चालत आणि जाहिरातींना वेगळे किंवा रोमन आकडे असत.

आता या विषयात जाहिराती म्हणजे काय, ते पाहा. माध्यमांचे (मृतात्म्यांशी बोलतो असे सांगणाऱ्यांचे) पत्ते, बैठकीचे वार आणि शुल्क, स्फटिकगोल आणि प्लँचेट विकणारी दुकाने, पत्राने संमोहन शिकवणारे वर्ग, मंडळांच्या व्याख्यानांच्या तारखा. लेखांपैकी पुष्कळसे पुढे पुस्तकरूपाने आले आणि आज कुठेही वाचता येतात. जाहिराती मात्र त्या कागदी वेष्टनाबरोबर रद्दीत गेल्या. अमुक माध्यम १९१२ मध्ये कोणत्या रस्त्यावर बसत होते, हा प्रश्न पडला की उत्तर मिळते ते मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला. आमचे मत स्पष्ट आहे : मुखपृष्ठासह फाटका सुटा अंक हा कडक बाइंडिंगमधल्या वेष्टनहीन अंकापेक्षा केव्हाही वरचढ.

तरीही खंड टाळू नका. तो घेण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा. खंडाचे शीर्षकपान आणि अनुक्रमणिका आहे का? ती खंडाच्या शेवटच्या अंकाबरोबर मिळे आणि सुटी असल्याने हरवे. पृष्ठांक सलग आहेत का? प्रत्येक पान उलटून पाहायचे, कारण बाइंडरने फर्मा उलटा शिवल्याची उदाहरणे असतात, आणि एखादा फर्मा दोनदा शिवून दुसरा गाळल्याचीही. चित्रपत्रे मोजा. ती आर्ट पेपरवर वेगळी छापून डिंकाने चिकटवलेली असत, त्यांना पृष्ठांक नसे, त्यामुळे एखादे उपटून नेले तरी पृष्ठांकांत खाडा दिसत नाही. शिवणीलगत कागदाची बारीक पट्टी उरली असेल तर तिथून काहीतरी गेले आहे. आणि पुरवणी : ‘थिऑसॉफिस्ट’च्या सुरुवातीच्या खंडांना स्वतंत्र पृष्ठांकाची पुरवणी असे, तिच्यात शाखांच्या बातम्या. बाइंडरने ती कधी मध्येच घातली, कधी सगळ्या पुरवण्या शेवटी एकत्र लावल्या, कधी फेकल्या. क्वचित एखादा बाइंडर वेष्टनेही शेवटी शिवून देई. असा खंड दिसला की सोडू नका.

प्रश्न : माझ्याकडे ‘इक्विनॉक्स’चे पहिल्या खंडाचे सर्व अंक आहेत, तिसऱ्या खंडाचा पहिलाही मिळाला. दुसरा खंड मात्र कितीही शोधला तरी सापडत नाही. इतका दुर्मीळ आहे का?

दुसरा खंड छापलाच गेला नाही. अ‍ॅलिस्टर क्रोली या इंग्रज गूढविद्यासाधकाच्या या सहामाही प्रकाशनाचा पहिला खंड म्हणजे मार्च १९०९ ते सप्टेंबर १९१३ या काळातले दहा अंक, वसंत आणि शरद संपाताला एकेक. दुसरा खंड त्याने ‘मौनाचा’ म्हणून मोकळा सोडला. तिसऱ्याचा पहिला अंक १९१९ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटहून निघाला आणि निळ्या रंगामुळे तो ‘ब्लू इक्विनॉक्स’ म्हणून ओळखला जातो. तेव्हा शोध थांबवा, आणि कोणी ‘खंड २’ देऊ केला तर पैसे देऊ नका.

जे आहेत ते तपासताना शेवटच्या पुरवणीकडे लक्ष द्या. अनेक अंकांत स्वतंत्र पृष्ठांकाची खास पुरवणी आहे. मुख्य मजकूर संपला तिथे अंक संपला असे समजून अपुरे अंक पूर्ण म्हणून विकले जातात. पहिल्या खंडाच्या तिसऱ्या अंकाची मागणी जास्त, कारण त्यातल्या ‘गोल्डन डॉन’ या गुप्त जादूमंडळाच्या विधींवरून १९१० मध्ये मंडळाचा प्रमुख मॅथर्स याने कोर्टातून मनाई आणली होती. अपिलात ती उठली आणि अंक बाहेर पडला. शिवाय १९७० च्या दशकात या पूर्ण संचाचे पुनर्मुद्रण झाले आहे. ते वाईट नाही, पण ते मूळ नव्हे.

प्रश्न : ‘थिऑसॉफी’ नावाचे दोन अंक घेतले. एक न्यूयॉर्कचा, एक लॉस एंजेलिसचा. खंड क्रमांक जुळत नाहीत. छपाईची चूक असेल का?

चूक नाही, ही दोन वेगळी मासिके आहेत. थिऑसॉफिकल सोसायटीचे एक संस्थापक विल्यम क्यू. जज यांनी १८८६ मध्ये न्यूयॉर्कला ‘द पाथ’ काढले. १८९६ मध्ये जज वारले आणि त्याच मासिकाचे नाव ‘थिऑसॉफी’ झाले, पुढच्याच वर्षी ‘युनिव्हर्सल ब्रदरहुड’. लॉस एंजेलिसचे ‘थिऑसॉफी’ १९१२ मध्ये सुरू झाले, ते युनायटेड लॉज ऑफ थिऑसॉफिस्ट्‌सचे. संस्था फुटल्या तशी मासिके फुटली आणि आवडती नावे सगळ्यांनीच वापरली.

म्हणून नोंद करताना नावाबरोबर गाव आणि संपादक लिहायचेच. ‘ल्युसिफर’ १८८७ मध्ये लंडनला निघाले आणि १८९७ पासून तेच ‘थिऑसॉफिकल रिव्ह्यू’ झाले, खंडांची मोजणी मात्र पुढे तशीच चालू राहिली. ‘ऑकल्ट रिव्ह्यू’ने १९३३ मध्ये काही काळापुरते ‘लंडन फोरम’ हे नाव घेतले. जर्मन ‘सायकिशे श्टुडिएन’ १९२६ पासून ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर पाराप्सिखोलोगी’ झाले. नाव बदलल्याचे ठाऊक नसेल तर अर्धा संच ‘दुसरे मासिक’ म्हणून हातचा जातो.

मुंबईत ऑक्टोबर १८७९ मध्ये सुरू होऊन पुढे मद्रासजवळ अड्यारला गेलेल्या ‘थिऑसॉफिस्ट’चे वर्ष ऑक्टोबरला सुरू होते, हेही ध्यानात असू द्या. ‘खंड ३१’ म्हणजे ऑक्टोबर १९०९ ते सप्टेंबर १९१०. जानेवारी धरून मोजाल तर तीन अंक कायम कमी पडल्यासारखे वाटत राहील.

प्रश्न : ज्योतिषविषयक इंग्रजी मासिकाचा एक अंक मिळाला आहे. मुखपृष्ठ नाही, पहिली चार पाने नाहीत, तारीख कुठेच नाही. साल कसे ठरवावे?

ज्योतिषाचे मासिक असेल तर तुमचे काम निम्मे झाले आहे, कारण असा अंक आपली तारीख पोटात घेऊन येतो. त्यात त्या महिन्याची ग्रहस्थिती, निदान अमावास्या-पौर्णिमेच्या वेळा असतात.

आधी अमावास्येची तारीख घ्या आणि जुन्या ग्रहस्थितीच्या कोष्टकांशी ताडून पाहा. इथे एक खड्डा आहे. चंद्राच्या तिथी १९ वर्षांनी इंग्रजी तारखांशी पुन्हा जवळपास तशाच जुळतात. ३० ऑगस्ट १९०५ ला अमावास्या होती, सूर्यग्रहणही होते. ३० ऑगस्ट १९२४ लाही अमावास्या आणि सूर्यग्रहण. नुसत्या चंद्रावर विसंबलात तर १९ वर्षांची चूक सहज होते. म्हणून शनी पाहा. त्याची एक फेरी साधारण साडेएकोणतीस वर्षांची, त्यामुळे १९ वर्षांनी तो त्याच राशीत असणे शक्य नाही. १९०५ च्या त्या अमावास्येला शनी कुंभेत होता, १९२४ ला तुळेत. चंद्राने दिवस कळतो, शनीने साल पक्के होते.

आणखी एक : ही मासिके सायन पद्धतीने (राशी वसंतसंपातापासून मोजून) लिहितात. आपले पंचांग निरयन (राशी स्थिर ताऱ्यांच्या आधारे मोजणारे). त्या काळी दोन्हींत साधारण साडेबावीस अंशांचा फरक होता. मासिकात शनी राशीच्या सुरुवातीच्या अंशांवर दाखवला असेल आणि तुम्ही पंचांगाशी ताडत असाल, तर तो मागच्या राशीत सापडेल आणि उगाच गोंधळ होईल. सायन कोष्टकच वापरा.

परलोकविद्येच्या अंकात ग्रह नसतात. तिथे पृष्ठांक धरा. उरलेले पहिले पान ३४५ असेल आणि वर्षाची पाने साधारण ५७६ असतील, तर अंक वर्षाच्या उत्तरार्धातला. मग व्याख्यानांच्या जाहिरातींतला ‘रविवार, १४ तारीख’ असा वार-तारखेचा मेळ घ्या. त्यावरून वर्ष एकदम ठरत नाही, पण पाच-सहा शक्य वर्षांपैकी बहुतेक गळतात. निधनवार्ता आणि पुस्तक-परीक्षणे उरलेले काम करतात. शेवटी ‘आयॅपसॉप’ या संकेतस्थळावर त्या मासिकाचे उपलब्ध अंक उघडून तोच पृष्ठांक पाहा. गूढविद्येच्या नियतकालिकांचे जतन करणाऱ्या या संस्थेने हजारो अंक स्कॅन करून मोफत ठेवले आहेत. जर्मन मासिकांसाठी फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह पाहावा. तिथला मजकूर बहुतेक फ्राक्टुर या जुन्या जर्मन वळणाच्या लिपीत आहे, तेवढी तयारी ठेवा.

प्रश्न : मूळ अंक आणि नंतरचे पुनर्मुद्रण हुबेहूब सारखे दिसते. घरच्या घरी ओळखता येईल का?

येते. दहा पट मोठे दाखवणारे भिंग, एक टॉर्च आणि अतिनील दिवा, इतके पुरे.

टॉर्च पानाला जवळजवळ समांतर धरा, प्रकाश कडेने सरपटत गेला पाहिजे. खिळ्यांच्या छपाईत शिशाचा ठसा कागदात दबतो. पानाच्या पाठीमागे अक्षरांचे बारीक उठाव दिसतात, पूर्णविरामांच्या जागी तर टोचल्यासारखे. ऑफसेटवरचे किंवा संगणकी छपाईचे पान सपाट असते.

मग भिंगाखाली छायाचित्र पाहा. मूळ अंकातही चित्र हाफटोन ब्लॉकचेच, म्हणजे ठिपक्यांचेच असते. त्यामुळे ‘ठिपके दिसले म्हणजे नक्कल’ हा समज चुकीचा आहे. मूळ चित्रात ठिपक्यांची एकच नियमित जाळी असते आणि कडा स्वच्छ असतात. छापील चित्राचे पुन्हा छायाचित्र घेऊन छापले की जाळीवर जाळी चढते, लाटांसारखी नक्षी उमटते, सावल्या काळ्या ठिक्कर होतात. अक्षरांच्या कडाही खरबरीत दिसतात.

अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा झगझगला तर तो बहुधा १९५० नंतरचा, कारण कागदात चमक आणणारी रसायने त्या सुमारास सर्रास वापरात आली. १९१० चा कागद मंद पिवळट किंवा तपकिरी दिसतो. उलट बाजूने खात्री धरू नका. न झगझगणारा कागद आजही बनतो.

प्रश्न : अंकांच्या पिना गंजल्या आहेत, आजूबाजूचा कागद तपकिरी होऊन तुटतो आहे. पिना काढाव्यात का? कशा?

काढाव्यात. लोखंडाचा गंज कागदातल्या तंतूंची झीज वेगाने घडवतो आणि दमट हवेत तो पसरत राहतो. पण आधी पिना कुठून मारल्या आहेत ते पाहा.

घडीवरून, म्हणजे पाठीच्या मधोमध मारलेल्या असतील तर काम सोपे. अंक सपाट ठेवून मधले पान उघडा. पिनेच्या दुमडलेल्या पायाखाली पॉलिएस्टरची पातळ पट्टी सरकवा, म्हणजे अवजार कागदाला लागणार नाही. बोथट, पातळ पट्टीने एकेक पाय सावकाश उभा करा. गंजाने कागद धातूला चिकटला असेल तर पाय उचलण्याआधी कडेकडेने लाकडी टोकाने तो सोडवा, पाणी किंवा तेल लावू नका. दोन्ही पाय उभे झाल्यावर अंक बंद करून पाठीकडून पीन सरळ बाहेर ओढा. कचेरीतला पीन काढायचा चिमटा वापरायचा नाही. तो पीन उचलतो, सोबत कागदाचा चतकोरही. पाय गंजून खिळखिळे झाले असतील तर पीन मध्ये तुटते. तुटू द्या, दोन तुकडे काढणे एका अखंड पिनेपेक्षा सोपे.

भुकटी मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झटका. मग जुन्याच भोकांतून तागाच्या दोऱ्याने शिवा : मधल्या भोकातून सुरुवात, वर, खाली, परत मध्ये, गाठ आतल्या बाजूला. दोनच भोके असतील तर मध्ये एक नवे पाडावे लागते. घडीच फाटली असेल तर शिवण्याआधी तिला जपानी टिश्यूची (लांब तंतूंच्या पातळ, चिवट कागदाची) एक सेंटिमीटर रुंद पट्टी आतून लावा, नाहीतर दोरा कागद कापत जाईल.

बाजूने आरपार मारलेल्या पिना ही वेगळी गत. जाड मासिकांना हीच पद्धत होती. त्यांत मधले पान उघडून काही होत नाही, आणि अंक सपाट उघडायचा हट्ट धरला तर पाने शिवणीलगत चिरतात. वेष्टन पाठीला सरसाने चिकटलेले असते, पिना त्याच्याखाली दडलेल्या. वेष्टन न सोडवता त्या निघत नाहीत आणि ते सोडवणे नवख्याचे काम नाही. असा अंक कोरड्या जागी ठेवा आणि कमी उघडा.

प्रश्न : फाटलेली पाने चिकटवायला कोणता गोंद? चिकटपट्टी चालेल का? आणि पाने पिवळी पडून मोडतात त्याला औषध काय?

चिकटपट्टी कदापि नको. तिचा चीक काही वर्षांत कागदात मुरतो, पिवळा पडतो, प्लास्टिक गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. आधीच कोणी लावली असेल तर ओढू नका, अक्षरे सोबत येतात.

जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, हे जुने आणि आजही सर्वांत भरवशाचे. सत्त्व घ्यायचे, कणीक किंवा मैदा नाही. त्यांतले ग्लुटेन पिवळे पडते आणि किडीला बोलावते. एक भाग सत्त्व पाच भाग शुद्ध केलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवा. मंद आचेवर सतत ढवळत वीस ते तीस मिनिटे शिजवा. आधी ते पांढरे आणि दाट होते, मग पारदर्शक आणि चकचकीत. पांढरट असतानाच उतरवले तर खळ नीट धरत नाही. गार झाल्यावर बारीक गाळणीतून दोनदा घासून गाळा, लागेल तसे पाणी घालून सायीइतकी पातळ करा. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते. आंबट वास आला की टाकून द्या.

टिश्यू कात्रीने कापायचा नाही. पाण्याची रेघ ओढून फाडायचा, म्हणजे कडेला तंतू मोकळे राहतात आणि जोड दिसत नाही. खळ टिश्यूला लावा, पानाला नाही, आणि कमीत कमी. जास्त पाण्याने या कागदावर तपकिरी कडांचे डाग उमटतात. वर न चिकटणारे पॉलिएस्टर कापड, मग टिपकागद, मग वजन. टिपकागद दहा मिनिटांनी बदला.

मोडणाऱ्या पानांना औषध नाही, पथ्य आहे. लाकडाच्या लगद्याचा कागद आणि त्यातली तुरटी-राळ यांमुळे आम्ल तयार होते आणि ते तंतू तोडते. आम्ल मारणारे फवारे मिळतात. ते पुढची झीज मंदावतात, गेलेली ताकद परत आणत नाहीत, आणि रंगीत शाई असलेल्या वेष्टनावर मारण्याआधी कोपऱ्यात चाचणी घ्यावीच लागते. साप्ताहिकांचा कागद मासिकांपेक्षा हलका असे, त्यामुळे ‘लाइट’ आणि ‘टू वर्ल्ड्‌स’ यांचे हाल जास्त. असे अंक आम्लरहित पुठ्ठ्याच्या आधाराने, आडवे, कमी उंचीच्या थप्पीत ठेवा. पिशवी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची, एक बाजू उघडी. पीव्हीसीची नको, ती चिकट होते आणि आम्ल सोडते. हवेतील आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांत राहिली तर उत्तम. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती रोज वरखाली होऊ नये.

प्रश्न : चित्रांची गुळगुळीत पाने ओल लागून एकमेकांना चिकटली आहेत. वाफेने सुटतील का?

नाही. आर्ट पेपरवर चिनी मातीचा थर असतो. ओला झाला की तो सरसासारखा धरतो आणि वाळल्यावर दोन पानांची एक वीट होते. वाफेने थर पुन्हा विरघळतो आणि चित्र समोरच्या पानावर जाते. पाने अजून ओली असतील तर लगेच एकेक सोडवून मध्ये न चिकटणारा कागद घाला. जमत नसेल तर पिशवीत घालून गोठवा आणि जतनतज्ज्ञाकडे न्या. वाळून घट्ट झालेली असतील तर बहुतेक वेळा ती गेलीच.

प्रश्न : अंकांना कुबट वास येतो, काहींत बारीक भोके आहेत. घरचे म्हणतात, मृतात्म्यांची मासिके घरात नकोत, त्याने आजारपण येते.

आजारपण येऊ शकते, पण बुरशीने. पानांवर पांढरी-हिरवी, मऊ लव दिसत असेल तर अंक पिशवीत वेगळा काढा. कोरड्या, हवेशीर जागी सुकू द्या, मग घराबाहेर, तोंडावर चांगला मास्क लावून मऊ ब्रशने झटका. ओली बुरशी झटकली तर ती कागदात घासली जाते. वास घालवायला बंद डब्यात अंक आणि तळाशी खायच्या सोड्याची उघडी वाटी ठेवा. सोडा कागदाला लागू देऊ नका. अत्तर, कापूर, डांबरगोळ्या यांनी वास फक्त झाकला जातो.

आरपार गोल भोके भुंगेऱ्याच्या अळीची, वरवर कुरतडलेला पृष्ठभाग कसरीचा. अंक पिशवीत बंद करून हवा काढा आणि उणे २० अंशांवर आठवडाभर गोठवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर दव थेट पानांवर बसते.

प्रश्न : ग्रंथालयाचा शिक्का असलेला अंक घ्यावा का?

शिक्क्यावर ‘रद्द’ किंवा ‘काढून टाकले’ असा दुसरा शिक्का असेल तर खुशाल घ्या. नसेल तर आधी त्या ग्रंथालयाला लिहून विचारा. ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ या अतींद्रिय घटनांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या संस्थेचे ‘जर्नल’ फक्त सभासदांसाठी छापले जाई, म्हणून ते बाजारात ‘प्रोसीडिंग्ज’पेक्षा कमी दिसते. त्यावर वैयक्तिक सही असली तर ती पुसू नका. हा अंक कोणत्या सभासदाकडून आला, ते तिच्यावरूनच कळते. पानांत जुनी कात्रणे किंवा हाताने लिहिलेल्या बैठकीच्या नोंदी सापडल्या तर कुठल्या दोन पानांत होत्या ते टिपून वेगळ्या पिशवीत ठेवा. वर्तमानपत्राचे कात्रण आतच राहिले तर त्याची तपकिरी छाप दोन्ही पानांवर उमटते.

प्रश्न : माझ्याकडचे काही अंक ‘आयॅपसॉप’वर नाहीत. स्कॅन करून द्यावेत असे वाटते. कायद्याची अडचण येईल का?

देश बदलला की नियम बदलतो. अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षे मोजतात आणि ते वर्ष संपले की मजकूर खुला होतो. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे, भारतात ६०. घोळ होतो तो टोपणनावांमुळे, आणि या मासिकांत टोपणनावांचे पीक आहे. ‘पापुस’ म्हणजे जेरार आंकोस, मृत्यू १९१६. ‘अ‍ॅलन लिओ’ म्हणजे विल्यम फ्रेडरिक अ‍ॅलन, मृत्यू १९१७. ‘सेफारियल’ म्हणजे वॉल्टर गॉर्न ओल्ड, मृत्यू १९२९. ‘डायन फॉर्च्यून’ म्हणजे व्हायोलेट फर्थ, मृत्यू १९४६. खरे नाव कधीच उघड झाले नसेल तर ब्रिटन आणि भारत दोन्हीकडे प्रकाशनाच्या वर्षापासून मोजतात. एका अंकात दहा लेखक असतात, म्हणजे दहा तारखा. यादी करूनच पुढे जा.

स्कॅन रंगीत, मजकुराला ४०० आणि चित्रांना ६०० डीपीआय, मूळ फाइल टिफ स्वरूपात. कोरी पाने, जाहिराती, वेष्टनाच्या चारही बाजू, सगळे आहे त्या क्रमाने. बाजूने पिना मारलेला अंक काचेवर उपडा दाबू नका. ९० अंशांत उघडा राहील असा आधार देऊन वरून कॅमेऱ्याने टिपा. ठिपके घालवणारी सोय मूळ फाइलवर वापरायची नाही. सोबत नोंद द्या, ती अशी असावी : “ऑकल्ट रिव्ह्यू, लंडन, खंड ४१, अंक ३, मार्च १९२५. पुढचे वेष्टन आहे, मागचे नाही. जाहिरातींची पाने पुढची चार, मागची नाहीत. चित्रपत्र एक. पाठ सोडलेली, पिना काढून शिवलेली.” जे नाही ते लिहिणे इथे जास्त मोलाचे. पुढच्या माणसाने नेमके काय शोधायचे ते त्याला कळते.

प्रश्न : एका अंकाची पाने कडेला जोडलेलीच आहेत, कधी कापलेली नाहीत. कापावीत का?

तोच मजकूर स्कॅनमध्ये वाचायला मिळत असेल तर कापू नका. न कापलेला फर्मा म्हणजे त्यातले पान कोणी काढलेले नाही, याचा पुरावा. कापायचेच असेल तर बोटाने किंवा धारदार पात्याने नको. पत्रे उघडायची बोथट, लांब सुरी घडीत पूर्ण आत घाला, आडवी ठेवा आणि छोट्या झटक्यांनी आतून बाहेर आणा. आधी वरची कड, मग समोरची. कागद ठिसूळ असेल तर सुरी घडी सोडून पानात शिरते. अशा वेळी पाने फुग्यासारखी किंचित फुगवून आतले डोकावून वाचता येते तेवढे वाचा आणि राहू द्या.